तात्यांनी अडवलेला गूळ

आमच्या गावच्या गुऱ्हाळावर चार माणसं बसली आणि कुणी तात्यांचं नाव काढलं, की एका किश्श्यावर कुणाचं भागत नाही. एकाचा संपायच्या आत दुसरा घसा खाकरतो. मीही त्यातलाच.

तात्या आमचे जिल्हा लोकल बोर्डाचे मेंबर. दुसरी मोठी लढाई संपली त्या सुमाराची गोष्ट. सांगलीच्या पेठेत अडते आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून गुळाचा भाव ठरवायचे. ज्याचा गूळ, तो शेजारी उभा. त्याला काही कळायचं नाही. तात्यांनी पेठेला सांगून टाकलं, "भाव मोठ्यानं बोला. तोवर आमच्याकडची एक गाडी येणार नाही."

"तवर गूळ ठिवायचा कुठं?" आमच्या शंकरआबांनी विचारलं.

"माझ्या घरात," तात्या म्हणाले.

आणि खरंच, त्यांचं माजघर गावाच्या ढेपांनी भरलं. घरची माणसं ओसरीवर आली. मुंग्या चुलीपर्यंत पोचल्या. तात्यांची बायको, म्हणजे आमच्या काकी, म्हणाल्या, "गावाला इचारलं, पेठंला सांगितलं. मला तेवढं इचारायचं ऱ्हायलं."

*

पेठ काही हटेना. पावसाळी हवेनं ढेपांना पाणी सुटलं. एका अडत्याचा माणूस गावात आला आणि आबांना म्हणाला, "तुमच्या तात्यानं तुमचं वाटोळं केलं."

"व्हय, केलं की," आबा म्हणाले. "पन त्येच्या ढेपा बी आमच्याच शेजारी पाझरत्यात."

*

शेवटी पेठ नमली. उघड्या लिलावात पहिला नंबर आबांच्या गुळाचा लागला. गूळ काळा पडलेला. भाव पुकारला तो अगदीच पडेल. आबा मात्र खुशीत.

"कमीच हाय रं," ते म्हणाले. "पन माझ्या कानानं ऐकला."

*

पुढं बोर्डाची निवडणूक लागली. पेठेनं तात्यांच्या विरोधात एक बडा उमेदवार उभा केला. त्यानं मतदारांना न्यायला गावात मोटार पाठवली. आबांचे गुडघे धरलेले. ते खुशाल पुढच्या सीटवर बसले. तात्यांचे आम्ही कार्यकर्ते मतदानाच्या शाळेबाहेर उभे होतो. मोटारीतून आबा उतरताना बघून आम्ही आमच्या यादीतलं त्यांचं नाव खोडलं.

मत देऊन आबा बाहेर आले. त्या उमेदवाराच्या माणसानं अदबीनं मोटारीचं दार उघडून धरलं. "बसा आबा. घरला सोडतो."

आबांनी एकदा मोटारीकडं बघितलं, एकदा गावाकडच्या लांबलचक रस्त्याकडं. मग काठी टेकली.

"न्हाई गड्या. आता मी चालतच जातो."