कपाळापुरती हळद

लग्न ठरलं तेव्हाच मी आईला सांगून टाकलं, "हळद फक्त कपाळाला लावायची. अंगाला नाही."

"अगं, पण लोकांना काय सांगू?"

"इसब आहे म्हणून सांग."

हा शब्द आमच्या घरात कुणी मोठ्याने काढत नसे. लहानपणापासून माझ्या कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या मागे इसब होता. आमच्या वटार गावच्या उकाड्यातही मला लांब बाह्या घालाव्या लागत. कडुलिंबाचा पाला झाला, गोमूत्र झालं, कुणाकुणाचे काढे झाले. नोकरी लागल्यावर मी स्वतःच त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. कोमट पाण्याने झटपट अंघोळ, अंग ओलसर असतानाच मलम, सुती कपडे, बारीक कापलेली नखं. इसब पुरता गेला नाही, पण ताब्यात आला. नवऱ्याला मी हे पहिल्याच भेटीत बाह्या वर करून दाखवलं होतं. सोललेल्या कातडीवर हळद चोळून घ्यायची मला हौस नव्हती.

हळदीच्या दिवशी वाडीतल्या सोनचाफ्यांशेजारी मांडव घातला होता. नायगावहून नवऱ्याकडची मंडळी उष्टी हळद घेऊन आली. मी बिनबाह्यांचा सुती ब्लाउज घालून पाटावर बसले होते. कोपरांवरचे काळपट डाग सगळ्यांना दिसत होते.

मोठी काकू वाटी घेऊन वाकली आणि हळूच म्हणाली, "दंडाला तरी लावू दे गं. लोक म्हणतील, हिच्या अंगात काहीतरी आहे."

"आहेच ना, काकू. इसब आहे. कुणाला त्याची लागण होत नाही."

मी मुद्दाम मोठ्याने बोलले. काकूने कपाळाला बोट टेकवलं आणि वाटी पुढे दिली.

नणंदेची मुलगी करवली म्हणून आली होती, नुकतीच शाळेत जायला लागलेली. जरीच्या पोलक्याची बाही ओढून ती सारखी खाजवत होती. नणंद तिच्या हातावर चापट मारत म्हणाली, "खाजवू नको म्हटलं ना! सगळे बघतायत."

बाहीच्या काठाला रक्त लागलेलं मी पाहिलं आणि पाटावरून उठले.

"नवरीने मध्येच उठायचं नसतं!" मागून कुणीतरी ओरडलं.

"ताई, हिला आत नेते. तुम्हीही या."

"फोटो राहिलेत अजून. आणि घामोळंच आहे ते."

"घामोळं नाही. हे काय आहे ते मला चांगलं माहीत आहे."

आत मी तिचं पोलकं काढलं, कोपर साध्या पाण्याने धुतले, न घासता टिपले आणि व्हॅसलिन लावलं. माझं औषधाचं मलम मी तिला लावलं नाही. ते तिच्या डॉक्टरांनी ठरवायचं. मग माझा जुना सुती टी-शर्ट तिच्या अंगात घातला. तो तिला घोट्यांपर्यंत आला.

"तुलापण खाज येते?" तिने विचारलं.

"येते की."

"मग तुला कोण ओरडतं?"

"आता कुणी नाही."

नणंद दारातच उभी होती. म्हणाली, "अजून घरात आली नाहीस, आणि माझ्या मुलीला कसं वाढवायचं ते शिकवतेस?"

"शिकवत नाही. पण तिला जरीचं पुन्हा घालू देणार नाही."

करवली टी-शर्टमध्येच बाहेर आली आणि सगळ्या फोटोंत तशीच आहे. लग्नात नणंद माझ्याशी एक शब्दही बोलली नाही. मीही माफी मागितली नाही.

काही महिन्यांनी तिचा फोन आला. "तुझ्या त्या डॉक्टरांचा नंबर पाठव." एवढंच बोलून तिने ठेवून दिला.

गेल्या हिवाळ्यात शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलीला चमचमणारा झगा मिळाला. नणंदेने त्याला आतून मऊ सुती अस्तर लावलं. बाईंनी तक्रार केली, की त्यामुळे झगा फुगलेला दिसतो.

"मी सांगितलं त्यांना," नणंद मला फोनवर म्हणाली. आवाजात अजून राग होता. "म्हटलं, माझ्या मुलीला इसब आहे. अस्तर राहणार. नसेल चालत तर तिला झग्याशिवाय नाचवा, पण नाचणार ती पहिल्याच रांगेत."