दोन लेकरांचं दूध

बहात्तरच्या मोठ्या दुष्काळात माझी आई देवणीकडच्या एका खेड्यात सरकारी नर्स होती. वडील नांदेडला गिरणीत कामाला होते, महिन्या-दोन महिन्यांनी यायचे. आम्ही बौद्ध. गावात घर मिळालं नाही, म्हणून दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत आई, आजी, मी आणि धाकटा भाऊ असे राहायचो. आजी म्हणजे वडिलांची आई. भाऊ तेव्हा अंगावर पिता होता.

गावातल्या बायका आईला ‘बाई’ म्हणायच्या. अडलेल्या बाळंतिणीसाठी धावत बोलवायला यायच्या. काम झालं की तिच्यासाठी गोठ्याच्या कोनाड्यातला वेगळा कप काढायच्या. “मी चहा पीत न्हाई,” असं सांगून आई उठायची. घरी आल्यावर चपला काढायच्या आधी चुलीवर चहाचं आधण ठेवायची.

त्या वर्षी विहिरींचे तळ उघडे पडले आणि गावाबाहेर दुष्काळी कामाचं सरकारी खडी केंद्र सुरू झालं. कधी दुसऱ्याच्या बांधावर न गेलेली माणसं हातोडा घेऊन दगड फोडायला बसली. कुणाची बोटं ठेचायची, कुणाच्या डोळ्यात कपची उडायची. आई रोज दुपारी पिशवी घेऊन तिकडे जायची. भावाला मधे पाजावं लागे, म्हणून मी त्याला कडेवर घेऊन मागे असायचे.

अशाच एका दुपारी एका शेतकऱ्याच्या सुनेला खडीवरच कळा सुरू झाल्या. घरची चांगली जमीन, पण पेरलेलं उगवलंच नव्हतं. सून आणि सासू शेजारी शेजारी बसून दगड फोडत होत्या. बायकांनी बाभळीखाली लुगड्यांचा आडोसा धरला. मुलगी झाली, रडली. बायका हसल्याही. मग आईचा आवाज बदलला. रक्त थांबत नव्हतं. तिने इंजेक्शन दिलं, ओटीपोट दाबून धरलं आणि मुकादमाला ओरडून खडीचा ट्रक रिकामा करायला लावला. बाळंतिणीला घेऊन ती उदगीरकडे निघाली. भाऊ माझ्या कडेवर भुकेने ओरडत राहिला.

दिवस मावळायच्या आत आई परत आली. रक्ताने भिजलेलं लुगडं वाळून कडक झालं होतं.

“गेली,” ती आजीला म्हणाली. धुवायला पुरेसं पाणी नव्हतं. तिने हात पुसले, भावाला मांडीवर घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून पाजत बसली.

दोन-तीन दिवसांनी ती सासू दवाखान्याच्या अंगणात आली. पदराखाली नात होती. गावातल्या पाजत्या बायकांना स्वतःच्या लेकरालाच पुरत नव्हतं, शेळ्या आटल्या होत्या, दुधाची पावडर पोरीच्या पोटात ठरत नव्हती.

“बाई, डोळे उघडंना झालीय. काय तरी करा.”

आईने पोरीच्या ओठांवरून बोट फिरवलं. ओठ हलले, पण रडायचं त्राण नव्हतं.

“मी पाजू का? तुमी सांगा.”

म्हातारीने वळून रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर कुणी नव्हतं.

“पाजा,” ती म्हणाली, आणि पोर पीत होती तोवर पाठ करून उभी राहिली.

त्या दिवसापासून ती सकाळ-संध्याकाळ यायला लागली. आजीला ते सहन होईना. “आपल्या लेकराच्या तोंडचं काढून कुणाला देऊन राहिलीस? त्यांच्या आडावर आपली घागर चालत न्हाई.”

“ती पोरगी आड अडवून बसली न्हाई, आत्या,” आई म्हणाली.

आजी दिवसभर धुसफुसत राहिली. दुसऱ्या दिवशी मात्र तिने आपल्या ताटातली अर्धी भाकरी मोडून आईपुढे टाकली. “खा. दोघांना पुराया पाहिजे.” आई तेव्हा फार वाळली होती, गळ्याची हाडं वर आली होती. दुष्काळात सरकारातून मिळणाऱ्या सुकडीचा आमचा वाटाही मी आणि आजी तिलाच द्यायचो. भाऊ कधी अर्धपोटी राहिला की किरकिर करायचा, आणि आई त्याला थोपटत राहायची.

म्हातारी आधी अंगणात थांबायची, मग उंबऱ्यावर टेकायला लागली. एका सकाळी नात काखेत आणि डोक्यावर भरलेली घागर घेऊन ती भर वस्तीतून आली. त्यांच्या शेतातल्या आडाला अजून थोडं पाणी होतं. घागर तिने आमच्या चुलीपाशी उतरवली.

“दूध द्यायला पाणी लागतंय,” ती म्हणाली.

आईने तांब्या भरून घेतला आणि तिच्यासमोर सगळा प्याली. पुढे कळलं, खडीवर बऱ्याच बायकांनी म्हातारीशी बोलणं टाकलं. ती यायची थांबली नाही.

पोर पेज खायला लागली तेव्हा येणं कमी झालं. पुढे एकदा म्हातारी तिला लस टोचायला घेऊन आली. पोर चालत होती. सुई बघून आपल्या आजीच्या लुगड्यात शिरली आणि आईकडे रागाने पाहू लागली. आई हसली. त्या गेल्यावर तिने पुढच्या बाईला आत बोलवायला बराच वेळ लावला.

मग वर्षं गेली. लातूर वेगळा जिल्हा झाला आणि आईची तिकडे मोठ्या दवाखान्यात बदली झाली. वडिलांनी गिरणी सोडली आणि आम्ही पहिल्यांदाच सगळे एका घरात राहायला लागलो. पण त्यांच्या छातीत कापसाची धूळ बसली होती. ड्युटीवर दुसऱ्यांची बाळंतपणं आणि घरी त्यांचा खोकला, असं आईने काही वर्षं केलं. ते गेल्यावर आणि ती निवृत्त झाल्यावर भाऊ तिला नांदेडला घेऊन गेला. त्याची नोकरी तिथे होती.

शेवटच्या आजारात मी तिच्याजवळ राहिले. एका दुपारी मी विचारलं, “आई, ती दुधाची पोरगी आठवते?”

“तिचं तोंड न्हाई आठवत आता,” ती म्हणाली. “तिची आई आठवते. ट्रकमधी म्हणली, बाई, माझं डोकं मांडीवर घ्या. घेतलं. मग म्हणली, लेकीला बघा. उदगीरची घरं दिसायला लागली हुती गं.”

एवढ्या वर्षांत हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. मी तिचा हात धरून बसले. तिने डोळे मिटून घेतले.

त्याच हिवाळ्यात आई गेली. मी आणि भावजयीने तिला पांढरं लुगडं नेसवलं. घरात वंदना झाली आणि गोदावरीच्या काठी तिला अग्नी दिला. परतताना भाऊ रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. एवढा मोठा माणूस, केस पिकलेला. मी त्याला घरापर्यंत थोपटत आणलं.