बेडोकचं गार पाणी

आधीच सांगून टाकते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. माझं कामच सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. इथे परदेशात, पाया लेबार भागातल्या ऑफिसात दिवसभर मी लोकांना एकच म्हणत असते — पुन्हा करून दाखव. पुन्हा घडलं तर बग, नाहीतर तुझा भास. या सदरातले अनुभवसुद्धा मी आजवर चहाबरोबर हसायला म्हणून वाचले, संपादकांनी राग मानू नये. आता हसायची पाळी तुमची.

तर ऑक्टोबर २०१४. जागा बेडोक रिझर्व्हॉयर, आमच्या एचडीबी ब्लॉकपासून, म्हणजे सरकारी वसाहतीतल्या इमारतीपासून, चालत जाता येईल असा मोठा तलाव. वेळ रविवार सकाळची. स्वच्छ ऊन, जॉगिंग करणारी माणसं, कुत्री फिरवणाऱ्या बायका... म्हणजे भुताटकीला लागतं तसलं काहीएक नाही.

माझ्या बाबांना त्या वर्षाच्या सुरुवातीला पुण्यात स्ट्रोक आला. उजवा हात गेला, पाय लुळा पडला आणि बोलणंही गेलं. आई आधीच गेलेली, म्हणून मी त्यांना इकडे घेऊन आले. इथली थेरपिस्ट तशी भली बाई, पण सप्टेंबरात एकदा बाबांच्या डोक्यावरून मला म्हणाली की उजव्या हाताची आता फार आशा धरू नका. इंग्रजीत म्हणाली. अहो, बाबा आयुष्यभर बँकेत मॅनेजर होते, त्यांना काय इंग्रजी कळत नव्हतं? त्या दिवसापासून त्यांनी व्यायाम सोडला. हातात रबरी बॉल दिला की डाव्या हाताने बाजूला सारायचे आणि भिंतीकडे बघत बसायचे. जेवणसुद्धा निम्मं टाकायचे. हाताचं दुःख मी गिळलं असतं, पण माझा बाप माझ्या समोर बसल्या बसल्या निघून चालला होता. मला रडू यायच्या ऐवजी संताप यायचा. माझा स्वभावच तसा आहे.

संतापाच्या भरात एक दिवस मी माळ्यावरून त्यांची पुण्याहून आणलेली फ्लाय रॉड, म्हणजे मासे धरायची काठी, काढली.

हे जरा समजावून सांगायला हवं. मी लहान असताना बाबांची बदली कुलूला झाली होती. तिथे त्यांना ट्राउट, म्हणजे थंड पाण्यातले मासे, धरायचा नाद लागला. पुढे पुण्यात परत आलो तरी दर दसऱ्याला ते मला घेऊन कुलूकडच्या तीर्थन नदीवर जायचे. काठावरची झाडं पिवळी पडलेली, पाणी असं गार की पाय घातला की पोटरीपर्यंत कळ जायची. फ्लाय म्हणजे पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. बाबा ती मोरपिसाच्या तंतूंची करायचे, आणि मोरपीस देवघरातलं उचलायचे. त्यावरून आई जी काही बोलायची, विचारू नका. घर शाकाहारी, त्यामुळे मासा धरायचा आणि सोडून द्यायचा. आईच्या मते हे शुद्ध रिकामे उद्योग होते. पण सोडण्याचा बाबांचा कडक नियम होता — माशाला हात लावायच्या आधी हात पाण्यात बुडवायचा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि सोडलेला मासा नंतर मरतो. मी विसरले की सगळ्या नदीला ऐकू जाईल असं ओरडायचे, "नीलू, आधी हात ओला कर!"

तर दर रविवारी मी बाबांची व्हीलचेअर ढकलत तलावावर जायला लागले. शेजारी लिम अंकल नावाचे एक निवृत्त गृहस्थ गळ टाकून बसायचे. माझी नाजूक काठी बघून पहिल्या दिवशी त्यांना हसू आवरेना. इथे ट्राउट कुठला, पाणी आंघोळीला काढल्यासारखं कोमट. इथे मिळतो पीकॉक बास, दांडगट मासा. त्याने माशी धरली की काठी खाली ठेवून दोरी खसकन ओढायची असते. माझं मात्र बाबांच्या तालमीत तयार झालेलं मनगट, ते आपलं अलगद काठी वर उचलायचं. ट्राउटसाठी ते बरोबर, बाससाठी साफ चूक. प्रत्येक मासा सुटायचा आणि अंकल मान हलवायचे. बाबा मात्र बघायचे. भिंत सोडून पाण्याकडे बघत होते, एवढ्यावरही मी खूश होते.

त्या रविवारी मी बाबांच्या जुन्या डबीतली मोरपिसाची माशी बांधली. दोन-चारदा टाकून झाल्यावर दोरी ओढताना बोटांना गार लागलं. वाटलं, वारा असेल. मग माशी गेली, म्हणजे पाण्यावर नुसतं एक बारीक वर्तुळ उठलं. बास असा कधी घेत नाही, तो धाडकन येतो. अंकल ओरडले, उचलू नको! मी उचलली. आणि या वेळी मासा सुटला नाही.

तो काठाशी आल्यावर अंकलनी जाळ्यात घेतला आणि तलावाचंच पाणी भरलेल्या बादलीत सोडून बादली बाबांच्या पायाशी आणून ठेवली. मी वाकून पाहिलं. सोनेरी तपकिरी अंग, त्यावर काळे ठिपके, मधूनमधून लाल, आणि प्रत्येक लाल ठिपक्याभोवती फिकट कडं. हा मासा मी वयाच्या दहाव्या वर्षापासून ओळखते. तो ब्राउन ट्राउट होता.

अंकलनी बादलीत बोटं घातली आणि झटकन बाहेर काढली. "व्हाय सो कोल्ड, आह?" असं म्हणून ते आधी माझ्याकडे आणि मग तलावाकडे बघत राहिले.

मी पार वेडी झाले होते. तशीच कोरडे हात घेऊन त्याला उचलायला वाकले. आणि मागून आवाज आला.

"नीलू... हात... ओला कर."

जड, घोगरा, पण बाबांचाच. मी वळले तर बाबा खुर्चीतून पुढे झुकले होते आणि त्यांचा उजवा हात मांडीवरून उठून बादलीत उतरत होता. डाव्याने उचललेला नव्हता. आपण होऊन उतरत होता. बोटं पाण्यात उघडली, माशाच्या पोटाखाली गेली आणि त्याला नुसता आधार दिल्यासारखी थांबली. मासाही थांबला. मीही हात बुडवला आणि पोटरीत कळ गेली, हातात नाही, पोटरीत.

मग बाबांनी मानेने खूण केली. अंकलनी बादली काठावर नेऊन हळूच कलती केली. मासा गेला. मी खाली बसून भोकाड पसरलं, आणि जॉगिंग करणारा एक माणूस मला पाणी हवंय का विचारून गेला.

फोटो विचाराल तर नाही. फोन पिशवीत होता, आणि बाप बोलत असताना पिशवी कोण उघडतं?

पुढचं ऐका. सोमवारी बाबांनी स्वतः बॉल मागितला. थेरपिस्टने हात पुन्हा पुन्हा तपासला आणि उशिरा अशी सुधारणा क्वचित होते असं सांगितलं, तेही आता बाबांच्या डोळ्यांत बघून. चालेल, हाताचं कोडं मी डॉक्टरांना देऊन टाकते. पण माशाचं काय? ट्राउट अशा गरम पाण्यात जगूच शकत नाही. आमचे हे म्हणाले, कुणीतरी आणून सोडला असेल. सोडला असेल, पण मग बादलीभर पाणीही कुलूहून आणलं होतं का? लिम अंकल त्यावर बोलायलाच तयार नाहीत. विषय निघाला की बोटं चोळतात.

मी टेस्टर आहे, स्वस्थ कशी बसणार? तीच जागा, तीच माशी, तीच वेळ, सगळं करून पाहिलं. पुन्हा घडलं नाही. ऑफिसात असलं प्रकरण मी केव्हाच बंद केलं असतं. हे उघडंच ठेवलंय.

बाबांनी मात्र मला कधी काही विचारलं नाही. पुढच्या दसऱ्याला ते आधाराची काठी टेकत स्वतःच्या पायांनी तलावावर आले. वाकून उजवा हात पाण्यात बुडवला, जरा वेळ तसाच ठेवला.

"कोमटच आहे," म्हणाले, आणि त्याच हाताने रॉड उचलून दोरी अशी फेकली की लिम अंकल उभे राहिले.