लेबलातून काढलेली ओळ

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आबांना, माझ्या वडलांना, तर नाहीच. तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

मी घरी बसून भाषांतराची कामं करते — इंग्रजीतून मराठीत. यंत्रांची माहितीपत्रकं, औषधांची लेबलं, असलंच. नोकरी नाही, काम येईल तसं. इस्लामपूरजवळचं आमचं गाव. घरातली पहिली पदवी माझी. सांगलीला शिकायला ठेवताना आबांनी कधी हात आखडता घेतला नाही. ते विसरता आलं असतं, तर कदाचित इतकी भीती वाटली नसती.

नाताळच्या आधीचा आठवडा शांत जातो. परदेशातली माणसं सुट्टीवर जातात, मेल थांबतात. आई म्हणते, जरा पड की. पण रिकामं बसलं की तेच डोळ्यांपुढं येतं.

गेल्या वर्षी याच आठवड्यात एका तणनाशकाचं लेबल आलं होतं. मराठी मजकूर चौकटीत मावेना. काम देणाऱ्या तिकडच्या बाईंना सुट्टीवर निघायचं होतं; त्यांनी घाईत लिहिलं — थोडं कमी करा. मी एक ओळ काढली. फवारलेलं गवत जनावरांना घालू नये, ही. आमच्याकडं हे कुणाला सांगावं लागतं? असं वाटलं मला. काय काढलं ते त्यांना कळवलंही नाही. तिथं मराठी वाचणारं होतं कोण?

त्या औषधाचं लेबल माझं, हे मी आबांना कौतुकानं सांगितलं होतं; पावसाळ्यात ते तीच बाटली घेऊन आले. दुकानदार काही सांगायला लागला, तर त्याला म्हणाले म्हणे, "तू नगं सांगू. आमच्या पोरीनं लिवलंय ह्ये." ओसरीवर बसून त्यांनी अख्खं लेबल बोट फिरवत वाचलं. मग आईला म्हणाले, "जनावरांचं कायबी लिवल्यालं न्हाई. म्हंजी औषध साधं हाय."

मी दारातच उभी होते. तेव्हा बोलले असते, तर? एवढंच म्हणायचं होतं — आबा, ओळ राहिलीय. पण त्यांचा चेहरा इतका खुशीत होता...

बांध आमचा आणि चुलत्यांचा एकच. त्यावरचं गवत ज्याची गाय गाभण त्यानं कापायचं, ही आमच्यातली रीत. एरवी फवारलं की आबा काकूंना सांगून यायचे. या वेळी गेले नाहीत.

चुलतभावाची बायको, सुनीता वहिनी, तिनं नेहमीसारखा भारा कापून नेला. दुसऱ्या दिवशी काकूंची गाय खाली बसली ती उठेना. आबा सांगलीला गेलेले. जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, "फवारलेलं काही पोटात गेलंय का हिच्या?"

वहिनीला माहीत नव्हतं. काकूंना माहीत नव्हतं. मला माहीत होतं — आणि मी गोठ्याच्या खांबाला धरून उभी राहिले.

गाय जगली. पण गाभडली, पोटातलं वासरू गेलं. त्या गवतानंच का? मला माहीत नाही. ते कळण्याची एकच वाट होती, ती मी बंद केली.

काकू वहिनीवर तुटून पडल्या. "कसला इषारी पाला आणलास गं भाऱ्यातनं? डोळं फुटलं व्हतं का तुजं?" वहिनी रडली नाही. नुसती आपल्या हातांकडं बघत राहिली.

त्या बाईंना मेल लिहायला किती वेळ लागला असता? वर्षभरात लिहिली नाही. काम तुटेल म्हणून. बाटल्या अजून दुकानात आहेत. कुणाकुणाच्या बांधावर पोचल्या असतील?

गाय आता पुन्हा गाभण आहे. वहिनीचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा राहिलेला नाही. प्रत्येक भारा आधी माझ्यापुढं टाकते. आजही आली. "वन्सं, तुमी शिकल्याल्या. बगा की, घालू का ह्ये?"

मी खाली बसले. चार काड्या चाळल्या, वास घेतल्यासारखं केलं. आबांनी बांधावर एवढ्यात फवारलंय का, मला ठाऊक नव्हतं. आबा आत चहा पीत होते. विचारलं असतं तर त्यांनी विचारलं असतं — का गं?

"घाल वहिनी," मी म्हणाले.

गाय खातेय. खिडकीतून मला दिसतेय.