बेसचं खोकं

आमच्याकडे एखादी गोष्ट चांगली झाली की 'बेस झालं' म्हणतात. आमटी बेस, पाऊस बेस, पोरीला मिळालेलं घर बेस. माझी शाळा चौथीपर्यंत. गाण्यातल्या धडधडीलाही बेस म्हणतात हे मला कोणी शिकवलं नव्हतं. त्या एका शब्दावरून माझ्या मुलानं मला पुष्कळ ऐकवलं.

गाडी घेतली ती मालकांसाठी, म्हणजे माझ्या नवऱ्यासाठी, असं घरात सगळे म्हणाले होते. मालकांनी जन्मभर यंत्रमाग चालवला, त्यात कान गेले; कानाशी ओरडून बोललं तरच कळतं. मग अर्धांगवायू झाला आणि उजवी बाजू गेली. आम्ही निपाणीजवळच्या खेड्यात राहतो. बेळगावात टिळकवाडीला व्यायाम करून घेणाऱ्या एक बाई आहेत, त्यांच्याकडे दर शनिवारी न्यायचं होतं. म्हणून मुलानं एक जुनी, लहान गाडी आणली. मागची फळी काढली की डिकीत घडीची चाकाची खुर्ची बरोबर बसायची. मालक मागच्या सीटवर आणि शेजारी मी, कारण ते एका अंगाला कलतात आणि कोणीतरी धरावं लागतं. काही महिन्यांत ते दांडी धरून उभे राहू लागले. बाई म्हणाल्या, नेम चुकवू नका, हे काठी घेऊन चालतील. त्या दिवशी घरी येईपर्यंत मालक काठी कसली घ्यायची यावरच बोलत होते. जीभ जड, तरी बोलत होते.

मुलगा चाळिशीचा आहे, कारखान्यात कामाला. एकदा मधल्या वारी मालकांची औषधं आणायला मी त्याच्याबरोबर बेळगावला गेले. परत येताना त्यानं गाडी खासबागेत एका दुकानासमोर लावली. म्हणाला, स्पीकर खरखरतोय, तेवढं बघून जाऊ. मी पुढच्या सीटवर बसून राहिले. दुकानदार अर्धं कानडी, अर्धं मराठी बोलणारा. दाराचं आतलं पॅनेल खोलून त्यानं वायरी ओढल्या आणि माझ्याकडे बघून हसत विचारलं, "आज्जी, बेस कसा पाहिजे? स्वल्प जास्ती करू?"

मला वाटलं, काम कसं करू असं विचारतोय. मी म्हटलं, "कमी कशाला? बेसच करा की. पैसे घेताय न्हवं?"

दुकानातले सगळे हसले. मुलगा सगळ्यांत जास्त हसला. "बघा, आमच्या म्हातारीची ऑर्डर हाय," म्हणाला.

मग मला खाली उतरवून बाकड्यावर बसवलं. बॅटरीपासून मागपर्यंत जाड तांबडी वायर टाकली. सीटखाली एक चपटी लोखंडी पेटी बसवली, तिला ॲम्प्लिफायर म्हणतात. शेवटी दोघांनी उचलून एक लाकडी खोकं आणलं. वर काळं गालिच्यासारखं कापड, आणि पुढे परातीएवढा स्पीकर. ते डिकीत गेलं आणि डिकी भरली.

मी विचारलं, "आता खुर्ची कुठं ठेवायची रं?"

"बघू की गं, कुठंतरी बसंल."

घरी येताना त्यानं ते चालू केलं. मी तंबाखूच्या वखारीत वर्षं काढली आहेत, नाजूक बाई नाही. पण प्रत्येक ठोक्याला पोटातलं पाणी हलत होतं. आरशात मागचा रस्ता दिसेना, आरसाच थरथरत होता.

शनिवारी खुर्ची कुठेच बसली नाही. पुढच्या सीटवर ठेवून बघितली, तर चाक गिअरला अडलं. मी म्हटलं, ते खोकं काढ. तो म्हणाला, काढता येत नाही, बॉडीला स्क्रू मारलेत, वायरी तुटतील. वर म्हणाला, "आणि तूच सांगितलंस की बेस कर म्हणून." सून दारात उभी होती, ती म्हणाली, "आत्ती, एवढं काय त्यात? दोघं मिळून उचलून नेतील आप्पांना."

वाटेत त्यानं गाणं लावलं. मालकांचा उजवा हात सीटवर ठेवलेला होता, तो हलायला लागला. मुलानं आरशातून बघितलं. "आई, बघ, आप्पांचा हात हलतोय. ऐकू येत न्हाय तरी अंगाला कळतंय त्यांच्या."

हात हलत नव्हता. सीट हलत होती. मी ते सांगितलं, तर तो म्हणाला, "तुला कशात म्हणून काय चांगलं दिसत न्हाय."

टिळकवाडीत बाईंच्या दाराशी पायऱ्या आहेत. आधी त्यांना खुर्चीसकट उचलून वर न्यायचे. मुलानं काखेत धरलं, एका रिक्षावाल्यानं पाय धरले. मधल्या पायरीवर मालकांचं धोतर सुटलं. बाकावर माणसं बसली होती. एका बाईनं तोंड फिरवलं, दुसऱ्या बघत राहिल्या. मी पदर आडवा धरला, पण उशीर झाला होता. हा माणूस कधी बिनइस्त्रीचं धोतर नेसून दाराबाहेर गेला नाही. मागावर जातानासुद्धा नाही.

त्या दिवशी त्यांनी दांडीला हात लावला नाही. पुढच्या शनिवारी म्हणाले, "नगं." त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. मी रागावले, हात जोडले, पोरगी माहेरी आली तिला बोलायला लावलं. नगं म्हणजे नगं. मुलाला म्हटलं, खुर्ची न्यायची सोय कर, मग मी त्यांना तयार करते. तो म्हणाला, स्क्रू मारलेत, कितींदा सांगू.

असेच काही महिने गेले, मग नातीची सोयरीक ठरली. व्याह्यांकडे साखरपुड्याचं सामान न्यायचं होतं, लाडूचे डबे, साड्यांच्या पेट्या. सकाळी मी चहाचा कप घेऊन अंगणात आले तर खोकं भिंतीला टेकवून ठेवलेलं. काढायला चहा उकळण्याएवढाही वेळ लागला नव्हता. मी विचारलं, "स्क्रू कुठं गेले?" तो लाडूचे डबे डिकीत भरायला लागला.

सामान पोचवून गाडी आली तशी मी खोकं परत ठेवू दिलं नाही. खुर्ची डिकीत घातली, मालकांना इस्त्रीचं धोतर नेसवलं आणि दाखवलं की खुर्ची गाडीत आहे. त्यांनी खुर्ची बघितली आणि हात पुढे केला. आम्ही गेलो.

बाईंनी गुडघा वाकवून बघितला. तो अर्ध्यावर येऊन थांबला. मालक ओरडले. बाईंनी पुन्हा जोर लावला नाही. विचारलं, "इतके महिने आणलं का नाही?"

मुलगा म्हणाला, "त्यांनाच यायचं नव्हतं."

मी म्हटलं, "गाडीत खुर्चीला जागा नव्हती."

बाईंनी आम्हा दोघांकडे बघितलं. मग मला बाजूला घेऊन सांगितलं, सांधे आखडलेत, आता एवढ्या लांब आणून त्यांना त्रास देऊ नका, घरीच तेलानं चोळा, कूस बदलत राहा. चालण्याचं त्या बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही. मालकांना ऐकू आलं नव्हतं. गाडीत त्यांनी मला विचारलं, काय म्हणाल्या. मी कानाशी तोंड नेऊन म्हटलं, बेस हाय म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी खोकं परत डिकीत गेलं. आप्पांना कुठे न्यायचं नाही, मग डिकी रिकामी ठेवून काय करायचं, असं मुलाचं म्हणणं. त्यात मला चूक काढता आली नाही. खुर्ची गोठ्यात ठेवली आहे. गाडी गल्लीत शिरली की माझ्या आधी मालकांना कळतं, त्यांच्या खाटेचं लोखंड थरथरतं. ते म्हणतात, आला.