पोर्तुगालची घरमालकीण

यजमान गेल्यावर मी नाशिकरोडची जागा विकून पोर्तुगालात समुद्राजवळ दोन खोल्यांचं घर घेतलं. हिवाळ्यात मी तिथे राहायचं आणि उन्हाळ्यात ते प्रवाशांना भाड्याने द्यायचं, असा बेत होता. भाडं आलं नाही, तर घर विकावं लागणार होतं.

माझा माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीवर फार भरवसा. त्यामुळे भाडेकरूंशी व्हिडिओ कॉलवर मीच बोलायचे. एका जर्मन जोडप्याला मी विचारलं, लग्न झालंय का, घरी कोण कोण असतं, मांसमच्छी खाता का, रात्री दहानंतर येणं-जाणं असेल का. त्यांनी नम्रपणे फोन ठेवला. त्यांच्याआधीच्यांनीही तो तितक्याच नम्रपणे ठेवला होता.

माझ्या नाशिकच्या राहत्या घरात वरच्या मजल्यावर शाझिया भाड्याने राहते, बँकेत नोकरी करते. ती सोफ्यावर बसून हे सगळं ऐकत होती आणि हसत होती.

"हसतेस काय? तुलाही मी हेच विचारलं होतं. तू दिलीसच ना उत्तरं?"

"दिली ना, काकू. मला नाशकात दुसरं कोणी घर देत नव्हतं. यांना त्या गावात पन्नास घरं आहेत."



दुसऱ्या दिवशी एका पोलिश बाईंचा फोन आला. मी फक्त तारखा विचारल्या. त्या आणि त्यांच्यासोबतची दुसरी बाई जुलैभर राहणार आहेत. त्या एकमेकींच्या कोण, हे मी त्यांना विचारलेलं नाही. शाझियाला मात्र रोज विचारते, तुला काय वाटतं?