फळ्याच्या वरची दोन भोकं

चौथीच्या वर्गात फळ्याच्या वर, भिंतीला खिळ्यांची दोन जुनी भोकं आहेत. मला ती पदकांसारखी दिसतात.

अपघातात मणक्याला मार बसून पाय गेलेल्या सुनंदाबाई व्हीलचेअरवरून शाळेत परतल्या, तेव्हा हेडमास्तर म्हणाले, "बाई, फळ्यापर्यंत हात कसा पोचणार? ऑफिसात बसा." वर दया केल्याचा आव!

"सर, मणका मोडलाय, गणित नाही. फळा खाली घ्या."

सुताराला अर्धा तास लागला. अहो, काम मुळात उंचावर नसतंच. आपणच ते उंच टांगून ठेवतो आणि बसलेल्या माणसाला नालायक ठरवतो.

आज बाईंनी अपूर्णांक शिकवले. मग पहिल्या बाकावरची बुटकी पोरगी उठली, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात उत्तर लिहून ओरडली, "बाई, माझापण हात पोचला!"